बसचा सिनेमा

जो सिनेमा मी आयुष्यभर माझा सर्वांत आवडता म्हणून सांगत आलो, तो मी पाहिलेला नाही. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, बँकेतल्या त्या सहकाऱ्यांना तर नाहीच, ज्यांच्याबरोबर डबा खाताना पंचवीस वर्षं सिनेमांच्या याद्या करण्यात गेली. कुणी विचारलं की मी पहिल्या नंबरावर तो बसचा सिनेमा ठेवायचो, आणि बाकीचे चार-पाच त्या त्या दिवशीच्या मूडप्रमाणे. लोक म्हणायचे, तुमचा पहिला नंबर काही हलत नाही. मी म्हणायचो, नाही हलत.

हे लिहायला बसलो त्याला कारण तेजस. पुण्याकडचा मुलगा, मोटारींच्या कारखान्यात नोकरीला आहे आणि आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. या भागातल्या मराठी मंडळींचा फोनवर एक गट आहे. त्यात गणपतीच्या वर्गणीपासून भाकरीचं पीठ कुठे मिळतं इथपर्यंत सगळं चालतं. मागच्या महिन्यात तेजसने तिथे विचारलं, चेन्नईत राहून तमिळ सिनेमे पाहायला सुरुवात कुठून करू, प्रत्येकाने आपापले पाच सांगा. मी सवयीने पाच लिहिले आणि पहिल्याबद्दल चार ओळी जास्तच लिहिल्या. आठवड्याने तो मला जिन्यात भेटला. म्हणाला, "काका, तो तुमचा एक नंबरवाला पाहिला, सबटायटल लावून. पण तुम्ही लिहिलं होतं तसं त्यात काहीच नाही. डोंगर नाही, देऊळ नाही. ती बहीण तर इंटरव्हलच्या आधीच जाते. दुसऱ्या कुठल्या सिनेमाशी गल्लत तर नाही ना झाली?" मी म्हणालो, वय झालं बाबा, झाली असेल. तो हसून वर गेला. मी जिन्यातच उभा राहिलो. ती बहीण इंटरव्हलच्या आधीच जाते, हे मला त्या दिवशी कळलं. अडतीस वर्षांनी.

आम्ही तेव्हा शहराच्या जुन्या भागात, समुद्राजवळच्या तिरुवल्लिकेणीत राहत होतो. आम्ही म्हणजे अप्पा, आई, माझी थोरली बहीण जानकी, म्हणजे अक्का, आणि मी. देवळाच्या तळ्यामागच्या एका बोळात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खाली घरमालकीण मामी, समोर एकट्या पुरुषांना खोल्या भाड्याने देणारं मॅन्शन. सकाळी साडेचारला मॅन्शनमधले बादल्यांचे आवाज, मग देवळातलं नागस्वरम, मग कोपऱ्यावरच्या दुकानात कॉफीच्या बिया भाजायला लागल्या की तो जळका गोड वास थेट अंथरुणात. वाऱ्याची दिशा बदलली की समुद्राचा ओला वास यायचा आणि आई म्हणायची, आज पापड वाळणार नाहीत. अप्पा एका जुन्या कंपनीत हेडक्लार्क होते. आमचं घराणं तंजावरचं, कितीतरी पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून तिकडे गेलेलं. आमच्या घरातलं मराठी महाराष्ट्रातल्या माणसाने ऐकलं तर त्याला अर्धं पोथीतलं वाटावं आणि अर्धं तमिळ. माझी बायको साताऱ्याची. लग्नानंतर तिने माझी भाषा हळूहळू सरळ केली आणि देवनागरीत सलग लिहायलाही मी तिच्यामुळेच शिकलो. म्हणून इथे घरातलं बोलणं मी थोडं सरळ करूनच लिहितो आहे. नाहीतर माझ्या मुलीलाही ते समजायचं नाही.

अक्का माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. लहानपणी तिला सांध्यांचा ताप आला, आणि जाताना तो तिच्या हृदयाची एक झडप बिघडवून गेला. शाळा सुटली. लग्नाचं बोलणं कुणी काढलं नाही. डॉक्टरांनी जिने चढायचे नाहीत असं सांगितल्यापासून तर ती खालीच उतरेनाशी झाली, कारण उतरलं की चढावं लागणार. ती दिवसभर पुढच्या खोलीत खिडकीशी पाट टाकून बसायची. तांदूळ निवडायचे, फुलं ओवायची, खालच्या मामीची सगळी भांडणं आणि समेट खिडकीतूनच ऐकून ठेवायचे. आणि सिनेमा. आजारी पडायच्या आधी तिने मोजून पाच-सहा सिनेमे पाहिले असतील. नंतरचे सगळे तिने माझ्या तोंडून ऐकले.

माझे पणजोबा तंजावरकडे कीर्तन करायचे. त्यांचा चेहरा आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता, पण त्यांची एक चिपळी घरात होती. जोडीतली दुसरी कधीच हरवली होती. सिनेमा सांगायची आमच्या घरची रीत त्या कीर्तनातून आली होती, आणि ती अक्काने ठरवली होती. बसून सांगायचं नाही. "बसून सांगतात त्या गप्पा," ती म्हणायची. खांद्यावर टॉवेल टाकून मी खिडकीसमोर उभा राहायचो. आधी पूर्वरंग, म्हणजे पडद्यावर नावं येतात तिथपासून माणसांची ओळख होईपर्यंत. तेवढ्यात तिने प्रश्न विचारायचा नाही. मग आईने ताक किंवा कॉफी आणायची, ते आमचं इंटरव्हल. मग उत्तररंग. गाणं आलं की मी दोन ओळी म्हणायच्या आणि अक्काने ती एकटी चिपळी पाटावर आपटून ताल धरायचा. मारामारी मात्र हातवारे करून दाखवायची सक्त मनाई होती, कारण एकदा माझ्या हाताने समईच पडली होती.

सांगून झालं की न्यायनिवाडा. भिंतीवर रोज एक पान फाडायचं तमिळ कॅलेंडर असायचं, त्यातलं त्या दिवसाचं पान अक्का फाडून घ्यायची आणि मागच्या कोऱ्या बाजूला सिनेमाबद्दल लिहायची. मराठीत, पण तमिळ अक्षरांत, कारण तिला तीच येत होती. ही पानं बिस्किटांच्या एका चपट्या डब्यात असायची. सगळ्यांत वरचं पान म्हणजे पहिला नंबर. नवा सिनेमा कुठे घालायचा यावर आमची भांडणं व्हायची, कारण त्याच्या खालचे सगळे एकेक पायरी उतरायचे. सिनेमांची खरी नावं तिच्या लेखी नव्हतीच. विहिरीचा सिनेमा, सावत्र भावांचा, तोतऱ्या वकिलाचा, अशी घरगुती नावं होती. त्यामुळे मीही इथे खरं नाव लिहीत नाही. शिवाय त्या बिचाऱ्या सिनेमाचा यात काही दोष नाही.

अक्काची मतं ठाम होती, आणि ती कुठल्याही वर्तमानपत्रात मी तशी वाचली नाहीत. सिनेमात कुणी काय खाल्लं हे तिला सांगावंच लागायचं. ज्या सिनेमात कुणी जेवत नाही तो खोटा, असं ती म्हणायची, आणि तसा सिनेमा कितीही चालला तरी पहिल्या दहात यायचा नाही. लहान पोर मारून रडवणं म्हणजे कांदा नाकाशी धरणं, त्याचे मार्क कापायचे. नायक घर सोडून गेला तर दार कुणी लावलं, हे विचारायची. मला बहुतेक वेळा माहीत नसायचं. मग पुढच्या सिनेमाला मी दारांकडे लक्ष ठेवून बसायचो. आणि एक गोष्ट ती हसत हसत म्हणायची, "सिनेमातल्या आजारी बहिणीला इंटरव्हलनंतर काम नसतं बघ. बाईला पैसे अर्धेच देत असतील." आई स्वयंपाकघरातून म्हणायची, पोदुम, पुरे. मी हसायचो. सतरा वर्षांचा होतो, आणि विनोद चांगला होता.

इथे दुसरी एक कबुली द्यायला हवी. त्या वर्षी मी कॉलेजात जायला लागलो. कँटीनमध्ये आमचं एक टोळकं जमायचं. एका इडलीत चौघं आणि सिनेमांच्या याद्या. पहिले दहा कुठले, शेवटचे दहा कुठले, कुठला नट कितव्या नंबरावर. मला एरवी चारचौघांत बोलायला जमायचं नाही. पण मी एकदा म्हणालो, ज्या सिनेमात कुणी जेवत नाही तो खोटा. टोळक्याचा पुढारी मुरळी, नुंगंबाक्कमचा, वडील मोठे वकील, तो म्हणाला, "अरे, हा तर विचार करतो." त्यानंतर माझ्या मताला किंमत आली. कांद्याचं वाक्य मी वापरलं, दारांचं वापरलं. आजारी बहिणीचं वापरलं तेव्हा मुरळीने माझ्या पाठीवर थाप मारली. एकही वाक्य माझं नव्हतं. संध्याकाळी घरी आलो की अक्का विचारायची, आज कॉलेजात काय झालं. मी म्हणायचो, काही नाही.

एका रविवारी मुरळी नोट्स घ्यायला अचानक घरी आला. दार उघडंच होतं. मी खांद्यावर टॉवेल टाकून, डोळे मिटून, एका विधवेचं गाणं म्हणत होतो आणि अक्का चिपळी वाजवत होती. तो अदबीने उभा राहिला, आईने दिलेली कॉफी प्यायला, अक्काला नमस्कार केला आणि गेला. सोमवारी कँटीनमध्ये पाय टाकला तर सगळे उभे राहिले. "या, भागवतर, या." भागवतर म्हणजे कथा सांगणारे बुवा. कुणीतरी रुमाल माझ्या खांद्यावर टाकला, कुणी चमच्याने ग्लासावर ताल धरला. मुरळी म्हणाला, "ताईला ओव्या ऐकवतो रोज. म्हणून आपल्याला फुकटात शहाणपण मिळतं." तो वाईट मुलगा नव्हता. पुढे माझ्या लग्नाला आला. पण त्या आठवड्यात मी अक्कासमोर उभा राहिलो की माझ्या कानात तो चमचा वाजायचा.

त्याच आठवड्यात अक्काने वर्तमानपत्रातून एक जाहिरात कापून ठेवली होती. वळणाच्या रस्त्यावर एक बस, खिडकीत एक मुलगी, खाली एक म्हातारी हात वर करून उभी. बाकी काही कळत नव्हतं. अक्का म्हणाली, "शनिवारी हा बघून ये. त्या म्हातारीला बस मिळते का, एवढं तरी मला कळायला हवं." अप्पांनी तिकिटापुरते पैसे दिले. शनिवारी दुपारी मी माउंट रोडवरच्या थिएटरकडे निघालो, आणि बसस्टॉपवर मुरळी भेटला. त्याच्या घरी नवा व्हिडिओ आला होता, इंग्रजी सिनेमाची कॅसेट आणली होती, सगळे जमणार होते. म्हणाला, "येतोस, की बुवांचं कीर्तन आहे?" मी त्याच्याबरोबर गेलो. इतकंच. यापेक्षा मोठं कारण मी अडतीस वर्षं शोधतो आहे, आणि ते नाही. नुंगंबाक्कमच्या त्या गार खोलीत आम्ही जमिनीवर बसून एक सिनेमा पाहिला, ज्यातलं मला निम्मंही समजलं नाही. गाड्या होत्या, बर्फ होतं. मी सगळ्यांच्या बरोबर हसत होतो. आज माझं घर त्या रस्त्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. मुरळीचा बंगला पाडून तिथे दवाखाना झाला.

सहाच्या सुमाराला घरी परतलो. वाटेत ठरवलं होतं की सांगू, तिकीट मिळालं नाही. पण जिना चढून आलो तर अक्काने माझा टॉवेल घडी करून खिडकीत ठेवलेला होता आणि कॅलेंडरचं पान फाडून, पेन्सिलीला टोक करून ती बसली होती. आईने त्या दिवशी दह्यात उडदाचं पीठ कालवून डांगराची पच्चडी केली होती, तिच्या फोडणीचा वास अजून खोलीत होता. अक्का म्हणाली, "बस मिळाली का म्हातारीला?" आणि मी म्हणालो, मिळाली.

एकदा मिळाली म्हटल्यावर पुढे जाणं भाग होतं. मी टॉवेल खांद्यावर टाकला. जाहिरातीत होतं तेवढंच माझ्याजवळ होतं, बस, मुलगी, म्हातारी. बाकीचं मी तिच्याकडूनच घेतलं, घेतो आहे हे न कळता. म्हणालो, डोंगरावरच्या देवळाकडे जाणारी एक बस असते. कंडक्टर तरुण. त्याची मोठी बहीण घरात असते, छातीचं दुखणं. डॉक्टरांनी तिला हलायचं नाही म्हणून सांगितलेलं. भाऊ रोज संध्याकाळी येऊन आज बसमध्ये कोण कोण चढलं ते तिला सांगतो. अक्का पूर्वरंगात बोलत नसे, पण तिची चिपळी हातातच राहिली. इंटरव्हलचं ताक प्यायलो आणि उत्तररंगात ती बहीण एके दिवशी भाऊ पाळीवर नसताना स्वतःच बसमध्ये चढते. प्रत्येक थांब्यावर कुणीतरी चढतं आणि तिला काहीतरी खायला देतं. कुणी भाजलेले शेंगदाणे, कुणी मीठ लावलेली कैरी, आणि त्या म्हातारीने आपल्या डब्यातली पुरणपोळी मोडून अर्धी. मला ठाऊक होतं, अक्का खाण्यावर खूश होणार. शेवटच्या थांब्यापासून देवळापर्यंत पायऱ्या. ती चढते. दर दहा पायऱ्यांवर बसते. प्रेक्षक म्हणतात आता जाईल, आता जाईल. ती जात नाही. वर पोचते, कठड्यावर बसून दहीभात खाते, हात धुते, आणि संध्याकाळच्या बसने घरी येते. घरी भाऊ विचारतो, कुठे गेली होतीस, दार कुणी लावलं. ती म्हणते, मी लावून गेले होते, किल्ली बघ. संपला सिनेमा.

इतकं चांगलं मी त्यापूर्वी कधी सांगितलं नव्हतं, नंतरही नाही. आई दारात येऊन उभी होती. अक्काने पेन्सिल खाली ठेवली. मग विचारलं, "खरंच नाही जात?" मी म्हणालो, नाही. तिने लिहिलं, डबा उघडला आणि ते पान सगळ्यांच्या वर ठेवलं. विहिरीचा सिनेमा तीन वर्षं पहिला होता, तो दुसरा झाला. भांडणसुद्धा झालं नाही. मग ती म्हणाली, "हा मी बघणार."

त्यानंतरचे सहा दिवस मला आठवतात ते तासांसकट. अक्काने कितीतरी वर्षांत कशासाठी हट्ट केला नव्हता. आई नको म्हणत होती. अप्पा दोन दिवसांनी म्हणाले, एकदाच तर मागते आहे, ऑटो दारापर्यंत येतो, खुर्चीत बसवून मी आणि मामीचा मुलगा खाली उतरवू, वर आणू. मी म्हणालो, सिनेमा उतरला असेल. अक्काने वर्तमानपत्र पुढे केलं, चालू होता. मी म्हणालो, शेवटी शेवटी कंटाळवाणा आहे. ती म्हणाली, पहिल्या नंबरावर कसा मग. मी म्हणालो, थिएटरात खालच्या खुर्च्यांत ढेकूण आहेत, पंखे चालत नाहीत. तेव्हा अप्पांनी बाल्कनीची तिकिटं काढायचं ठरवलं. म्हणजे जिना आला. मी म्हणालो, अक्का, तिथे पायऱ्या फार आहेत, तुला झेपायचं नाही. ती माझ्याकडे बघून हसली. "तिने नाही का चढल्या? दर दहा पायऱ्यांवर बसेन मी."

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी सिनेमा पाहिलाच नाही, एवढं. ती एक दिवस रुसली असती, अप्पांनी एक थोबाडीत दिली असती. ते वाक्य माझ्या तोंडात सहा दिवस होतं. मी ते का बोललो नाही याला भीती हे उत्तर मी तरुणपणी स्वतःला देत असे. आता वाटतं, भीती थोडीच होती. त्या पानावर माझा सिनेमा पहिला होता. कँटीनमध्ये तिच्या वाक्यांवर मिळालेली शाबासकी आणि ही शाबासकी, यांतली ही एकच माझी स्वतःची होती. ती मला परत द्यायची नव्हती.

शुक्रवारी दुपारच्या खेळाला ते तिघे गेले. अक्काने आईची जांभळी साडी नेसली होती, गजरा माळला होता, छोट्या डब्यात दहीभात घेतला होता. मी परीक्षेचं निमित्त सांगून घरी राहिलो. पुस्तक उघडून खिडकीशी तिच्या पाटावर बसलो. मामीने खालून दोनदा विचारलं, पोचले असतील ना, जागा मिळाली असेल ना. मी हो म्हणत राहिलो.

परत आले तेव्हा उजेड होता. अप्पांनी आणि मामीच्या मुलाने तिला खुर्चीसकट वर आणलं. तिचे ओठ काळेनिळे झाले होते आणि गजरा एका बाजूला लोंबत होता. थिएटरातल्या जिन्यावर तिने खुर्चीला नाही म्हटलं होतं, आई म्हणाली. अप्पांचा हात धरून, दर दहा पायऱ्यांवर बसून, ती स्वतः चढली होती. दहीभाताचा डबा तसाच परत आला होता. अप्पा शर्ट काढत म्हणाले, "काय रे, कसली तुझी आवड. नुसता आरडाओरडा. आणि त्या पोरीला कशाला मारलं ते कळलं नाही." आई म्हणाली, मला तर झोपच लागली. दोघंही माझ्याकडे बघत नव्हती, अक्काकडे बघत होती, तिला वारा घालत होती. माझं खोटं त्या खोलीत उघडं पडलेलं होतं, आणि ते ओळखणारं माणूस एकच होतं.

जेवणाआधी आई स्वयंपाकघरात गेली, अप्पा संध्येला बसले. अक्काने मला हाक मारली. मी जवळ गेलो. तिला एकेका शब्दाला श्वास घ्यावा लागत होता. म्हणाली, "टॉवेल घे. बसचा सांग."

मी म्हणालो, तू आत्ताच तर बघून आलीस.

"मी बघितला तो राहू दे," ती म्हणाली. "तू बघितलेला सांग."

मला वाटतं, ती मला दार उघडून देत होती. मी तेव्हा खरं सांगू शकलो असतो. मी टॉवेल घेतला, खांद्यावर टाकला आणि पहिल्यापासून सांगितलं, डोंगर, कंडक्टर, शेंगदाणे, कैरी, पुरणपोळी. तिच्या तोंडावर सांगितलं. तिने डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं होतं. गाण्याच्या जागी चिपळी हळूच पाटावर वाजली. पायऱ्यांपाशी आलो तेव्हा माझा आवाज फुटला, तशी ती डोळे न उघडता म्हणाली, "थांबू नको डा. तिला वर पोचव." मी पोचवलं. दहीभात खाऊन ती घरी आली. अक्का म्हणाली, सरि. म्हणजे ठीक. एवढंच.

नंतर तिने सिनेमा मागितला नाही. तुझी परीक्षा आहे, म्हणायची. पंधरा दिवसांच्या आत तिच्या पायांवर सूज आली, मग रात्री आडवं होता येईना. इस्पितळात चार दिवस होती. डॉक्टरांनी अप्पांना सांगितलं की झडप आधीच फार खराब होती, आज ना उद्या हे व्हायचंच. आईने ते ऐकलं आणि मानलं. अप्पांनी मानलं नाही. ती गेल्यावर तेराव्या दिवशी, पाहुणे उठल्यावर, अप्पा म्हणाले, "मी बाल्कनीची तिकिटं काढायला नको होती." मी शेजारीच जेवणाची उष्टी पानं उचलत होतो.

हे वाक्य ते पुढे एकोणतीस वर्षं म्हणाले. दर वर्षी तिच्या श्राद्धाला, कधी एरवी, थिएटरवरून बस गेली की. निवृत्त झाल्यावर जास्तच. सिनेमा त्यांनी पुन्हा पाहिला नाही. टीव्हीवर लागला तरी उठून गॅलरीत जायचे. माझ्या मुलीने एकदा आजोबांबद्दल विचारलं, ताता सिनेमा का बघत नाहीत, तेव्हा मी तिला सांगितलं, त्यांना आवडत नाही. शेवटच्या आजारात त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, पण एका दुपारी माझा हात धरून त्यांनी मला विचारलं, "खालची काढली असती तर?" त्या दिवशी खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, अप्पा, तुमची चूक नव्हती. हे खरं होतं. पण कुणाची होती, ते मी सांगितलं नाही. त्यांनी मान हलवली, माझ्यावर विश्वास न ठेवता, आणि तीन दिवसांनी गेले.

बिस्किटांचा डबा माझ्या कपाटात आहे. पानं पिवळी झाली आहेत, कडा झडतात. सगळ्यांत वर अजून तेच पान आहे. परत येऊन ती ते खाली घालेल, किंवा फाडून टाकेल, असं मला त्या रात्री वाटलं होतं. तिने फक्त त्यावर पेन्सिलीने आणखी एक शब्द लिहिला होता, तो मला ती गेल्यावर दिसला. आधीच्या ओळीत सिनेमाचं घरगुती नाव होतं, बसचा सिनेमा. त्याच्यापुढे तमिळ अक्षरांत, वाकड्या हाताने, "रघूचा". माझं नाव. हे पान मी कितीदा हातात घेतलं असेल. ती माफी होती असं धरून चालायचा मोह होतो. पण मला ती तशी मिळालेली नाही, कारण मी मागितली नव्हती.

तेजस म्हणाला, तो सिनेमा फोनवर सहज मिळतो. मी अजून लावलेला नाही. त्या म्हातारीला बस मिळते का, हेसुद्धा मला माहीत नाही. तेवढं तरी अक्काला खरं सांगायला हवं होतं.

आई त्र्याऐंशी वर्षांची आहे. शेजारच्या खोलीत असते. ऐकू कमी येतं, पण आठवण शाबूत आहे. अक्काच्या गेल्या श्राद्धाला मी पिंडावर पाणी सोडत असताना, डॉक्टरांचं मानणारी तीही मला म्हणाली, "अप्पांनी तेवढा एक हट्ट पुरवला नसता तर." मी दर्भ सरळ करत बसलो. अक्काचं मी जे देणं लागतो ते आता फेडता येण्यासारखं नाही. अप्पांचंही नाही. आईला मात्र सांगता येईल, की अप्पांनी काही चुकीचं केलं नव्हतं, तो सिनेमा मी पाहिलाच नव्हता. हे मला तिला सांगायचं आहे, ती आहे तोवर, तिच्या कानाजवळ बसून, मोठ्याने. अजून सांगितलेलं नाही.